दुसऱ्या पावसाचं पुस्तक

कुसळ मेलेलं असतं. तरी ते फिरतं. पाण्याचा थेंब लागला की त्याची पिळलेली लांब शेपटी हळूहळू उलगडते, आणि वाळलं की पुन्हा पीळ घालून बसते. त्यात जीव नाही, इच्छा नाही. बुडाशी अणकुचीदार टोक, टोकावर मागे वळलेले बारीक केस. त्यामुळे पुढे सरकलेलं कुसळ मागे येऊ शकत नाही. पहाटे दव, दिवसा ऊन, पुन्हा दव, पुन्हा ऊन. असं फिरत फिरत ते गिरमिटासारखं जमिनीत शिरतं आणि पुढच्या पावसाची वाट पाहतं. मी दर वर्षी वर्गात हे मुलांना दाखवतो. बाकावर ओल्या टिपकागदावर कुसळ ठेवलं की चाळीस डोकी खाली वाकतात आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी हमखास म्हणतो, "सर, हे जिवंत आहे."

आत्ता माझ्या टेबलावर जे आहे ते दादाच्या धोतराच्या काठात अडकलेलं होतं. दादा श्रावणात गेला. तेराव्यानंतर वहिनींनी त्याचे कपडे वाटायला काढले, तेव्हा एक धोतर आमच्या माळावर गवत कापणाऱ्या रावजीकडे जायचं होतं. घडी घालताना बोटाला टोचलं म्हणून मी काठ उलटून पाहिला. गेल्या हंगामातलं कुसळ होतं ते. कितीतरी धुण्यांतून टिकून राहिलेलं. काढलं आणि खिशात ठेवलं.

दादाला एक गोष्ट सांगायची होती. बारा वर्षं मी ती सांगितली नाही. ती गवताची आहे, आणि तिचा हंगाम आता पुन्हा आला आहे.

मुंबईत आश्विन आल्याचं घरातल्या घरातच कळतं. बरणीतलं मीठ मोकळं होतं. काड्यापेटीची काडी एकदाच घासली की पेटते. दाराची फळी, जी चार महिने फुगून चौकटीला घासत होती, ती आपसूक लागते. आमच्याकडे, डहाणूला, आश्विन वाऱ्यावरून ओळखतात. पावसाळाभर समुद्राकडून येणारा वारा थकतो आणि एका पहाटे मागच्या दारानं, डोंगराकडून, कोरडा मतलई वारा येतो. त्या दिवसापासून किनाऱ्यावर बोंबील वाळायला लागतात आणि आत, तलासरीच्या वाटेवरच्या माळांवर, गवत पिवळं पडायला लागतं. दादा म्हणायचा, बोंबलाला आणि गवताला वाळवणारा वारा एकच, फक्त वास वेगळा.

आमच्या दोन जमिनी. एक सरावलीची वाडी, दुसरा विवळवेढ्याच्या पुढचा माळ. दोन्हींमध्ये बैलगाडीचा एक दिवस, आणि तेवढंच अंतर त्यांच्या स्वभावातही होतं. वाडीत चिकू. चिकू मूळचा आपल्याकडचा नाही. कुठल्या तरी दूरच्या देशातून आला आणि विहिरीच्या जोरावर इथे राहिला. रहाट फिरतोय तोवर त्याला उन्हाळा काय आणि हिवाळा काय. एकाच फांदीवर फूल, कच्चं फळ आणि तयार फळ. नखानं साल जराशी खरवडायची; आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचं, पिवळसर दिसलं तर उतरवायचं. वाडीला ऋतू नव्हता, पाण्याची पाळी होती. लहानपणी मला वाटायचं, झाडं म्हणजे अशीच, माणसानं पाणी दिलं की ऐकणारी.

माळ ऐकत नसे. माळ म्हणजे वरकस जमीन. उताराची, मुरमाड, भाताला निरुपयोगी. तिथे पावसाशिवाय दुसरं पाणी नाही. जेवढं करायचं ते चार महिन्यांत. ज्येष्ठात नुसती तांबडी माती, आषाढात पोपटी लव, श्रावणात गुडघ्याएवढं, भाद्रपदात कमरेएवढं. मग आश्विनात पाऊस थांबला की सगळं गवत एकदम घाईला येतं. तुरे टाकतं, दाणा धरतं, पानांतला कस मुळांकडे परत ओढून घेतं आणि वरून वाळून जातं. पुढचे आठ महिने ते जमिनीखाली असतं. मोहाचं झाडही तसंच. सगळं जग तापलेलं असताना पानं टाकून देऊन फुलतं. ही घाई, हा संयम, दोन्ही त्या चार महिन्यांच्या पावसानं शिकवलेली. पण हे सगळं मी आज लिहितो आहे. त्या वर्षी मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, आणि सगळं ठाऊक आहे असं मी समजत होतो.

माळावरचं चांगलं गवत पवन्या. बारीक काडीचं, चघळलं तर गोडसर. गुरं ते निवडून खातात. पूर्वापार आमचा माळ पवन्याचा म्हणून प्रसिद्ध होता. कडेकडेनं, वाटेच्या बाजूला, कुसळी. ती गुरांना कोवळी असेपर्यंतच चालते, नंतर तिची कुसळं हिरड्यांत रुततात. माळाच्या पायथ्याशी वारल्यांचा पाडा. गवत तेच कापायचे. रावजी त्या पाड्यातला जाणता माणूस. तेव्हा पन्नाशीचा असेल, अंगानं काटक, बोलायला कमी. दादाला तो शेट म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. त्यांच्या बोलीत सगळ्यांना तूच असतं, देवालाही.

त्या पाड्याचा नियम एकच होता. वाघबारस झाल्याशिवाय माळाला विळा लागत नसे. माळाच्या वरच्या टोकाला ऐनाच्या एका झाडाखाली वाघदेव होता. सागाच्या फळीवर कोरलेला वाघ, त्याच्या वर चंद्र आणि सूर्य, सगळ्यावर शेंदूर. दिवाळीच्या तोंडाशी, आश्विन वद्य बारशीला, तिथे नारळ फुटायचा, पहिली मूठ रावजी कापायचा, आणि मग पाड्यातली पन्नास माणसं ओळीनं माळात उतरायची. तोवर गवत कितीही वाळो, वारा कितीही चांगला असो, कुणी पात्याला धार सुद्धा लावत नसे. वडिलांच्या वेळी तसंच होतं, त्यांच्या वडिलांच्या वेळीही.

मी त्या वर्षी कॉलेजातून नवरात्राच्या सुट्टीत घरी आलो होतो. वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. दादानं शाळा अर्ध्यात सोडून वाडी आणि माळ अंगावर घेतला होता, म्हणून मला कॉलेजात जाता आलं. तो मला भाऊ म्हणायचा, मुंबईहून येताना मी काय काय वाचलं ते विचारायचा आणि जेवताना ते वहिनींना पुन्हा सांगायचा, जणू स्वतःच वाचलं आहे. त्या खेपेला मी कॉलेजच्या ग्रंथालयातून गवतावरचं एक जाडजूड परदेशी पुस्तक आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की चाऱ्याचं गवत फुलोऱ्यात असतानाच कापावं. दाणा पिकू दिला की पानातला कस जातो आणि हातात नुसती काडी उरते. सोबत तक्ते होते. मी ते तक्ते कंदिलाच्या उजेडात दादाला समजावून सांगितले. तो बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिला.

"म्हणजे आपण दर वर्षी काडी विकतोय," तो म्हणाला.

वहिनी ताटं उचलत होत्या. त्या म्हणाल्या, "ते पुस्तकच घाला की म्हशीला, बघा जास्ती दूध देते का." दादा हसला, पण पुस्तकावरचं बोट त्यानं काढलं नाही. मग म्हणाला, "भाऊ शिकलाय तो काय उगाच? छापलेलं आहे ते." त्या वाक्यातला अभिमान मला तेव्हा ऐकू आला आणि आवडला. आज ते वाक्य आठवतं तेव्हा मी पुढचं काही आठवू नये म्हणून दुसरंच काही वाचायला घेतो.

दोन दिवसांनी आम्ही माळावर गेलो. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता. महालक्ष्मीचा सुळका धुतल्यासारखा स्पष्ट दिसत होता आणि त्याच्यापर्यंत सगळा उतार पवन्याच्या तुऱ्यांनी जांभळट झाला होता. चतुर हवेत थांबून थांबून उडत होते. ओढ्याकाठी शेपटी हलवणारे परीट पक्षी आले होते, त्यांच्या लांबच्या थंड देशातून. ते दर वर्षी वाघबारशीच्या थोडे आधी पोचतात. रावजीला दादानं सांगितलं की यंदा नवरात्रातच कापायचं. रावजीनं एक तुरा तोडला, नखानं दाणा दाबला. पांढरा थेंब आला.

"दाणा आजून दुधात हाय, शेट."

मी म्हणालो, दुधात असतानाच कापायचं असतं, तेव्हाच सगळा कस वर पानात असतो. गंमत अशी की आम्ही दोघं एकच थेंब पाहत होतो आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं. रावजीनं माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. दादानं मान हलवली, म्हणजे भाऊ म्हणतो तसं. रावजी म्हणाला, "तू म्हणशील तं कापू. गवत तुजा हाय. वाघ माजा हाय, त्याला मी काय सांगू?"

दादाला ते लागलं असावं. गाडीत बसताना तो म्हणाला की वाघाचं आपण पाहून घेऊ, एक नारळ आधी फोडला म्हणून वाघ काही रागवायचा नाही. पण नारळही त्या वर्षी फुटला नाही. वाघबारस यायच्या आत माळ मोकळा झाला होता.

कापणीचे ते आठ दिवस मला अजून वासासकट आठवतात. पिकल्या गवताला वास नसतो, धूळ असते. हिरव्या गवताला कापल्यावर जो वास येतो तो ओल्या, कोवळ्या, थोड्या दुधाळ गोष्टींचा असतो. सगळा माळ त्या वासानं भरला होता. पात्यांवरून रस गळायचा. रावजीची सून देवली ओळीत सर्वांत पुढे असायची. तिचा हातही चालायचा आणि तोंडही. तिसऱ्या दिवशी ती मधेच थांबली आणि मला हाक मारली. गवताच्या बुडाशी एक खळगं होतं, आत लावरीची सहा अंडी, तपकिरी ठिपक्यांची. लावरी समोरच्या गवतात पायी पळून गेली होती.

"भाऊ, हिचा काय लिवलाय तुज्या पुस्तकात?"

बायका हसल्या. मीही हसलो. लावरी पावसात जोडी करते आणि तिची शेवटची पिल्लं वाघबारशीपर्यंत उडायला शिकतात, हे देवलीला माहीत होतं आणि पुस्तकाला नव्हतं. मी त्या घरट्याभोवती हातभर गवत तसंच ठेवायला सांगितलं. हा मी केलेला दयाळूपणा होता. दुसऱ्या दिवशी त्या उघड्या माळावर ते गवताचं वर्तुळ फर्लांगभरावरून दिसत होतं. कावळ्यांनाही दिसलं.

पुस्तकानं मात्र आपला शब्द पाळला. गवत हिरवंच वाळलं. हस्ताचा पाऊस येईल, भिजवील असं रावजी म्हणत होता. तोही आला नाही. डहाणू रोडला गवताच्या वखारीत गाड्या पोचल्या तेव्हा तिथल्या गुजराती शेटनं पेंढी नाकाला लावली आणि म्हणाला, "एकदम लीलूं, ने सुगंध पण सारी." अगदी हिरवं, आणि वासही चांगला. मुंबईच्या तबेल्यांतून त्याला पुन्हा मागणी आली. दादानं येताना मला खिशाला लावायचं शाईचं पेन घेतलं. मी अजून त्याच पेननं लिहितो. निब दोनदा बदललं आहे.

म्हणून दुसऱ्या वर्षी तेच केलं. तिसऱ्या वर्षीही.

चूक लगेच दिसली असती तर ती चूक राहिली नसती, नुसता धडा झाला असता. पण माळ सावकाश उत्तर देतो. पहिली तक्रार गवताची नव्हती, छपराची होती. पाड्यातली घरं त्याच माळाच्या गवतानं शाकारलेली असायची. कापणीनंतर घरटी काही भारे न्यायचा त्यांचा हक्कच होता. पिकलेलं गवत छपरावर दोन पावसाळे टिकतं. हे दुधातलं गवत पहिल्याच आषाढात काळं पडून कुजलं. देवली म्हणाली की तिच्या घराला गोठ्याचा वास येतो आणि गोठ्याला घराचा. दुसऱ्या पावसाळ्यात माळावर, गुरं तोंड लावत नाहीत त्या टाकळ्याच्या फुलांचे पिवळे ठिपके दिसले. तिसऱ्यात पवन्या विरळ झाला होता आणि त्याच्या जागा कुसळीनं धरल्या होत्या. आम्ही वरून कापलं की ती बुडातून पुन्हा फुटायची, वीतभर उंचीवर तुरा काढायची आणि दवाच्या ओलीवर कुसळं तयार करायची. विळ्याच्या खाली राहून तिनं आपलं काम उरकलं. टाकळ्यानं ते विळा यायच्या आधी उरकलं. पवन्याला मात्र त्याचे ते तीन आठवडे लागत, दाणा पिकायला आणि मुळांना शिदोरी पोचवायला. नेमके तेच तीन आठवडे मी काढून घेतले होते.

त्या हिवाळ्यात मी दादाला गोठ्यात पाहिलं. बैलाचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला होता आणि हिरड्यांत रुतलेली कुसळं एकेक करून बोटांनी ओढत होता. बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादा त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मी दारातच थांबलो. आणि तोवर मला कळलं होतं.

कळलं ते असं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, शिक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास करताना, ते पुस्तक ग्रंथालयात पुन्हा हाती आलं. पहिल्या खेपेला मी तक्ते वाचले होते, प्रस्तावना वाचली नव्हती. प्रस्तावनेत लेखकानं सरळ लिहिलं होतं की हे सर्व त्याच्या देशातल्या कुरणांविषयी आहे, जिथे बारा महिने थोडा थोडा पाऊस पडतो आणि कापलेलं गवत त्याच हंगामात पुन्हा वर येतं. दुसऱ्या हवामानात हे नियम पडताळून घ्यावेत, असंही होतं. शांत, सभ्य वाक्य. मी ते तीन वेळा वाचलं. खिडकीबाहेर मुंबईचा पाऊस कोसळत होता, चार महिन्यांत सगळं संपवून जाणारा आमचा पाऊस. पुस्तक खोटं नव्हतं. ते दुसऱ्या पावसाचं पुस्तक होतं.

मी दादाला पत्र लिहिलं नाही. दिवाळीला जाऊ तेव्हा समोरासमोर सांगू, असं ठरवलं.

त्या दिवाळीपर्यंत तिसरी कापणी होऊन गेली होती. नवरात्राच्या आधी एक कार्ड टाकलं असतं तर ती थांबली असती. वाघबारशीला दादा स्वतःहून माळावर निघाला. मला म्हणाला, चल. वरच्या टोकाला रावजी होता, पाड्यातली चारदोन माणसं होती. खाली उजाड माळ. दादानं नारळ हातात घेतला, वाघाच्या फळीसमोर उभा राहिला. देवाशी मोठ्यानं बोलायची आमच्याकडे सवय नाही. तो मोठ्यानं बोलला.

"घाई झाली ती माझी झाली. गवताचा, पाड्याचा कुणाचा दोष नाही. चूक माझी."

मी त्याच्या मागे दोन पावलांवर होतो. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. रावजीनं पाहिलं, माझ्याकडे, पुष्कळ वेळ. मग नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना मिळाला, मलाही मिळाला. मी खाल्ला.

त्यानंतर दादानं पुस्तकाचं नाव काढलं नाही. विळा पुन्हा वाघबारशीवर गेला. शिवाय रावजीच्या सल्ल्यानं त्यानं माळाच्या मधोमध, जिथे पवन्या अजून दाट होता, एक पट्टा अजिबात कापायचा नाही असं ठरवलं. त्याला ते बेण्याचा पट्टा म्हणत. मार्गशीर्षात तिथले तुरे झोडपून ते बी देवली आणि पाड्यातल्या बायका उघड्या जागांवर फेकायच्या. कुसळीचे गड्डे पावसात कुदळीनं काढायचे. मी दर दिवाळीला जायचो आणि दादा मला माळावर न्यायचा. "तुला नावं ठाऊक आहेत. पवन्या आलाय का सांग बघू." त्यात टोमणा नव्हता, हेच अवघड होतं. मी वाकून पाहायचो आणि म्हणायचो, येतोय. पहिली तीन वर्षं तो येत नव्हता. मग खरंच यायला लागला. दर खेपेला मी गाडीत बसताना ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर खेपेला वाटायचं, गवत पुरतं बरं होऊ दे, मग सांगणं सोपं जाईल. गवत बरं झाल्यावर वाटलं, आता कशाला.

पुढे मला एक विचार सुचला, आणि तो मी वर्गात सांगतो, कुठून आला ते न सांगता. हवामान म्हणजे नुसता पाऊस, वारा आणि ऊन नव्हे. एखाद्या माळावर शेकडो वर्षं एकाच दिवशी विळा येत असेल तर तो विळाही त्या माळाचा ऋतू होतो. पवन्यानं पाऊस जसा ओळखला होता तशी वाघबारसही ओळखली होती. तिच्या आत दाणा टाकणारंच गवत तिथे टिकलं. लावरीनंही ओळखली होती. वाघबारस कुणी ठरवली, गवत पाहून माणसांनी की माणसं पाहून गवतानं, हे आता सांगता येणार नाही. दोघंही एकमेकांची वाट पाहायला शिकले होते. मी मधे येऊन ऋतू बदलला, तीन वर्षांसाठी, तीन आठवड्यांनी.

यंदा नवरात्र संपता संपता पुतण्याचं, सुधीरचं, कार्ड आलं. दादाचा मुलगा, विशीचा, वाडीचं सगळं पाहू लागला आहे. लिहिलं होतं, गवत पिवळं पडायला लागलं आहे, यंदा वारा लवकर फिरला, बाबा नाहीत, तर विळा कधी लावायचा ते काकांनी कळवावं. मी कळवलं नाही. रजा काढली आणि गेलो. एस.टी.नं चारोटीपर्यंत, पुढे सुधीरनं बैलगाडी आणली होती. सुळका तसाच स्पष्ट होता.

माळ पवन्यानं भरला होता, कडेपासून कडेपर्यंत. तुरे जांभळट रंग सोडून तांबूस झाले होते. मध्ये बेण्याचा पट्टा. आता त्याची गरज नव्हती, तरी दादानं तो गेल्या वर्षीपर्यंत राखला होता. सुधीर माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "काका, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल तसं करू."

बापाचीच मान, तसाच थोडा पुढे झुकलेला विश्वास.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "रावजीला विचार."

हे वाक्य इतकं छोटं होतं. त्याला बारा वर्षं लागली असं कुणाला खरं वाटणार नाही.

रावजीला आता नीट दिसत नाही. देवलीनं हाताला धरून आणलं. त्याच्या अंगावर दादाचं धोतर होतं. त्यानं एक तुरा हातात चोळला, दाणे तळव्यावर घेतले, मग तुरा कानाशी नेऊन हलवला. पिकलेलं गवत वाजतं. "आजून ओला वाजतो," तो म्हणाला. "वाघबारशीला होईल." वाघबारस चार दिवसांवर होती. आम्ही थांबलो.

त्या सकाळी सुधीरनं नारळ माझ्या हातात दिला. घरातला मोठा मी होतो. फळीवरचा शेंदूर ताजा होता. मी ठरवून काही आलो नव्हतो, निदान तशी माझी समजूत आहे. मी रावजीकडे पाहून बोललो, कारण वाघाशी बोलायचा मला सराव नाही. सांगितलं की त्या तीन वर्षांची घाई दादाची नव्हती, माझी होती. पुस्तक मी आणलं. ते आपल्याकडच्या पावसाचं नव्हतं. आणि दादानं इथे चूक स्वतःवर घेतली त्याच्या आधीपासून मला ते कळलेलं होतं. सुधीर माझ्याकडे बघत राहिला. खाली गवत वाजत होतं.

रावजी मान वळवून माळाकडे कान देऊन उभा होता. मग म्हणाला, "आथा सांगतोस, भाऊ? गवत तं कदीच बरा झाला."

त्यात राग नव्हता, माफीही नव्हती. त्यानं नुसतं काय झालं ते सांगितलं. मी नारळ फोडला. त्यानं चाचपडत पहिली मूठ धरली आणि कापली.

माणसं माळात उतरली तेव्हा मी बेण्याच्या पट्ट्यापाशी गेलो. खिशात ते कुसळ होतं. दादाच्या धोतरातलं, दादाच्या माळावर; इथेच ठेवून जावं असं मनात आलं. वाकलो होतो तेवढ्यात देवलीनं पाहिलं. तिचे केस पिकले आहेत, नजर नाही.

"भाऊ, तां काय टाकतोस? कुसळी? सात पावसाळं खणून काढली आमी. ठेव तुज्या खिशात."

बायका हसल्या. मी ते खिशात ठेवलं.

आता ते इथे टेबलावर आहे, टिपकागदावर. काल दिवसभर कोरडी हवा होती आणि त्याचा पीळ घट्ट होता. आज सकाळी खिडकी उघडली तेव्हा बाहेर धुकं होतं. मी लिहायला बसलो तेव्हा त्याचं टोक दाराकडे होतं. हे शेवटचं लिहिताना पाहिलं, तर ते अर्धा वेढा फिरलं आहे.